आज्याचे केस, नातवाचे केस

मागच्या अंकात एका वाचकाला उत्तर देताना मी इथिओपियातल्या ओरोमो लोकांबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, की तिथं पुरुषांचे केस म्हणजे नुसती हौस नाही, माणूस आयुष्यातल्या कोणत्या टप्प्यावर उभा आहे ते त्याच्या डोक्याकडे पाहून कळतं. एवढंच लिहिलं होतं. त्यावर इतकी पत्रं अन् मेसेज आले की या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलं. संत्र्याची गळ अन् रेशनकार्डातून कटलेलं नाव, हे दोन प्रश्न पुढच्या अंकात नक्की घेते, त्या वाचकांनी थोडं थांबावं.

प्रश्न : ताई नमस्कार. दारव्हा तालुक्यात एका गावात माझं कटिंगचं दुकान हाय, वडलापासूनचं. मागचा अंक वाचला अन् त्याच आठवड्यात एक पोट्टा मोबाईलवर फोटो घेऊन आला. आफ्रिकेतला गडी, डोक्यावर काळ्याभोर केसाचा मोठ्ठा गोल, त्यात लाकडाचा कंगवा खोचलेला, अन् खाली लिवलं होतं कर्रय्यू. पोट्टा म्हणते मले अशीच कटिंग मारून दे. मी म्हटलं बाप्पा हे होईन कसं. तर हे लोक ते केस बसवतात कसे, अन् कोणीबी ठेवते का त्याले काही नियम हाय?

उत्तर : भाऊ, प्रश्न खऱ्या कारागिराचा आहे म्हणून आधी कारागिरीचंच सांगते. कर्रय्यू हा ओरोमोंमधलाच एक गट. अदिस अबाबापासून पूर्वेला साधारण २०० किलोमीटरवर मेतेहारा नावाचं गाव आहे, अवाश नदीचं खोरं, तिथं ही मंडळी उंट, गाई अन् शेळ्या घेऊन राहतात. त्या गोल केसांना ते गुनफुरा म्हणतात. त्या केसाची जातच अशी की एकेक केस स्प्रिंगसारखा वळलेला असतो, तो वाढला की खाली पडत नाही, बाहेर फुलतो. लांब दात्याच्या लाकडी कंगव्यानं मुळापासून वर उचलत उचलत त्याला गोल आकार आणतात, अन् मग तो कंगवा तिथंच खोचून ठेवतात, कारण दिवसातून चार वेळा हात फिरवावाच लागतो. वरून लोणी. होय, गाईचं लोणी. तो भाग सखल, कोरडा, ऊन आपल्या मे महिन्यासारखं, तेलातुपाशिवाय केस तुटून जातात. अन् ज्याचं सगळं जगणं जनावरांवर त्याच्यासाठी लोणी ही घरातली सगळ्यात चांगली वस्तू, ती तो डोक्यावर ठेवतो. आपल्याकडं बाळाची टाळू भरतात ना, तेल जिरवून जिरवून, ते आठवा, म्हणजे त्या लोण्याची किंमत लगेच कळते.

झोपायचं कसं, हा प्रश्न तुमच्या मनात आलाच असेल. त्याला लाकडाची छोटी घडवंची असते, वितीएवढी उंच, वर बाक दिलेला, ती मानेखाली घेतात अन् डोकं अधांतरी राहतं. उशीवर डोकं टेकवलं तर महिन्याची मेहनत एका रात्रीत चपटी होईल. इथिओपियात अशा लाकडी उशा ठिकठिकाणी वापरतात, काही इतक्या सुबक कोरलेल्या असतात की आज त्या म्युझियममध्ये ठेवल्यात.

आता तुमच्या गिऱ्हाइकाचं. त्याचे केस सरळ पडणारे असतील तर कितीबी वाढवा, तो गोल उभा राहणार नाही, पर्मिंग करावं लागेल अन् त्याचं केमिकल उन्हात रापलेल्या केसाला झेपत नाही हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. माझं मत विचाराल तर करू नका. त्याला हवा असलेला गोल त्याच्या केसातच नाही.

नियमाचं विचारलंत तर आहे, अन् तो लय जुना आहे. १५९३ साली बाहरेय नावाच्या एका इथिओपियन ख्रिस्ती साधूनं गीझ या तिथल्या जुन्या धर्मभाषेत ओरोमोंचा छोटासा इतिहास लिहिला. त्यात तो लिहितो की ज्यानं माणूस किंवा मोठं जंगली जनावर मारलं असेल त्यानं डोकं भादरायचं अन् मधोमध थोडे केस ठेवायचे, अन् ज्यानं मारलं नसेल त्याला भादरायची मुभाच नाही, मग उवांनी त्याचा जीव नकोसा होतो. आता हे वाचताना ध्यानात ठेवा की बाहरेय ज्या मुलखातला होता तो मुलूख ओरोमोंच्या स्वाऱ्यांखाली आला होता, म्हणजे हा मार खाल्लेल्या बाजूचा माणूस लिहितोय, प्रेमानं नाही लिहीत. तरी एक गोष्ट त्यातून पक्की कळते की चारशे वर्षांपूर्वीसुद्धा तिथं केस कापणं हे स्वतःच्या मर्जीवर नव्हतं, ते कमवावं लागायचं. आपल्याकडं आपण केस वाढले की कापतो. तिथं आयुष्यात काही घडलं की कापायचे, किंवा काही घडेपर्यंत वाढवायचे.

एक गोष्ट विषयाबाहेरची, पण राहवत नाही म्हणून सांगते. या कर्रय्यू लोकांच्या चराईची बरीचशी जमीन उसाच्या मळ्यात अन् साखर कारखान्यात गेली, अन् १९६६ साली अवाश नॅशनल पार्क झालं त्यात आणखी गेली. आपल्या मेळघाटात, ताडोब्यात ज्यांची गावं उठली त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. फोटोतल्या त्या ऐटदार केसांमागं जनावरं कुठं चारायची ही रोजची चिंता आहे, ती फोटोत येत नाही.

प्रश्न : ताई, मी चिमूर तालुक्यातून लिहिते. माझा मुलगा ४ वर्षांचा आहे. दोन बाळं गेल्यावर हा झाला म्हणून सासूबाईंनी महाकालीला नवस बोलला, ५ वर्षांचा झाला की चैत्राच्या यात्रेत चंद्रपूरला नेऊन केस काढू, तोवर कात्री लावायची नाही. केस कमरेपर्यंत आले. मी रोज दोन वेण्या घालते. अंगणवाडीत बाकीची पोरं त्याला मुलगी मुलगी म्हणून चिडवतात, तो रडत येतो, घरात याचे बाबा म्हणतात कापून टाक, सासूबाई म्हणतात हात तर लावून पाय. माझा जीव दोन्हीकडं ओढतो. तुम्ही ते ओरोमोंचं लिहिलं त्यात लहान मुलांचं काही आहे का?

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. माझ्या धाकट्या भावाचेही असेच नवसाचे केस होते, लाल रिबिनी लावायची आई, त्यामुळं त्या वेण्यांचं वजन मला माहीत आहे.

ओरोमोंमध्ये लहान मुलांचं आहे, अन् नेमकं तुमच्या घरातल्यासारखंच आहे. पण त्याआधी त्यांची गदा नावाची व्यवस्था समजून घ्यावी लागेल (मारुतीच्या हातातली गदा ती वेगळी, याचा तिच्याशी संबंध नाही). ओरोमो पुरुषाचं आयुष्य आठ आठ वर्षांच्या टप्प्यांमध्ये वाटलेलं असतं. प्रत्येक टप्प्याला नाव आहे, काम आहे, बंधनं आहेत. लहानपण, मग गुरं राखायचं वय, मग लढायचं वय, मग एका टप्प्यावर त्या पिढीच्या हातात सगळ्या समाजाचा कारभार येतो आठ वर्षांसाठी, त्यांच्यातून निवडलेल्या प्रमुखाला अब्बा गदा म्हणतात, अन् आठ वर्षं झाली की कारभार पुढच्या पिढीला देऊन बाजूला व्हायचं, मागं रेंगाळायचं नाही. दक्षिण इथिओपियात अन् केनियाच्या उत्तरेत जे बोराना ओरोमो राहतात त्यांच्यात ही पद्धत आजही सगळ्यात नीट चालू आहे, २०१७ ला अब्बा गदा बदलला होता अन् नंतर २०२५ ला पुन्हा बदलला, बरोबर आठ वर्षांनी. अस्मारोम लेगेस्से नावाच्या एरिट्रियन अभ्यासकानं बोरानांमध्ये राहून यावर मोठं काम केलं, १९७३ साली त्यांचं पुस्तक आलं, आज आपण जे काही सांगतो त्यातलं बरंचसं त्यांच्यामुळं माहीत झालं.

आता तुमच्या लेकाचं. यातला पहिला टप्पा म्हणजे दब्बल्ले, जन्मापासूनची आठ वर्षं. या दब्बल्ले मुलांच्या केसाला कात्री लावत नाहीत. केस मुलींसारखे लांब वाढवतात, मुलींसारखेच बांधतात, त्यात कवड्या ओवतात. आपल्या तुळजाभवानीच्या माळेतल्या असतात ना, तशाच कवड्या. पोरगा अंगणात खेळत असेल तर परका माणूस त्याला मुलगीच समजेल, अन् त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही, उलट तेच अपेक्षित आहे. कारण ही मुलं पवित्र मानतात. देव अन् माणूस यांच्यामधला दुवा म्हणजे ही लेकरं, अशी त्यांची श्रद्धा. त्यांच्या देवाचं नाव वाका, वाका म्हणजे आभाळसुद्धा. दब्बल्ले मुलाला मारायचं नाही, शिक्षा करायची नाही. अन् नुसत्या मुलाचाच मान नाही बरं का, त्याच्या आईचाही. लोक तिच्याकडं आशीर्वाद मागायला येतात. ज्या बाईच्या मांडीवर लांब केसांचं दब्बल्ले पोर आहे ती बाई त्या आठ वर्षांसाठी साधी बाई राहत नाही.

मग टप्पा संपला की मोठा विधी होतो, ते केस उतरवतात, अन् पोरगा पुढच्या टप्प्यात जातो, गाम्मे म्हणतात त्याला. आता तो राखोळीला जाणार, कामं शिकणार, रागावून घेणार. केस गेले म्हणजे लाडाचे दिवस गेले. हे सगळं एकट्या मुलाचं नाही होत, त्या पिढीतल्या सगळ्या मुलांचं एका विधीत होतं, म्हणून एकटा पडायचा प्रश्नच येत नाही. मला वाटतं तुमच्या लेकाचं खरं दुखणं इथंच आहे. केस लांब असल्याचं नाही, एकट्याचेच लांब असल्याचं.

म्हणून माझा सल्ला असा. नवस ठेवा. एका वर्षाचा प्रश्न आहे, सासूबाईंच्या मनाला दोन बाळं गेल्याचं दुःख आहे अन् त्या केसात ते बांधलेलं आहे, ते कात्रीनं सुटणार नाही. पण मुलाला रडत ठेवू नका. अंगणवाडीताईंना भेटा, त्यांना म्हणा की एक दिवस मुलांना गोष्ट सांगा, लांब देशात अशी मुलं असतात, त्यांच्या केसात कवड्या असतात, त्यांना कोणी मारत नाही अन् मोठी माणसं त्यांच्या आईकडं आशीर्वाद मागायला येतात, अन् आपल्या वर्गातही तसा एक आहे. चार वर्षांची लेकरं चिडवतात ती दुष्टपणानं नाही, त्यांना दुसरा शब्द माहीत नसतो म्हणून. शब्द द्या. दोन वेण्यांऐवजी वर एक अंबाडा बांधून पाहा, खेळताना ओढला जात नाही. अन् मुलाच्या बाबांना एवढं सांगा की पोरगा केसानं मुलगी होत नाही, पुढं जाऊन लढवय्ये होणारे कितीतरी बोराना लहानपणी असेच मुलींसारख्या लांब केसांत वाढलेले असतात.

प्रश्न : मी पुसदला रूम करून एमपीएससीचा अभ्यास करतो. गदा पद्धतीला युनेस्कोचा दर्जा कधी मिळाला? अन् ओरोमो म्हणजे एक जमात का एक राज्य, नोट्समध्ये दोन्ही लिहिलंय.

उत्तर : २०१६ साली, मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या प्रातिनिधिक यादीत. ओरोमो हे लोक, इथिओपियातला सगळ्यात मोठा समाज, देशाच्या लोकसंख्येचा साधारण तिसरा हिस्सा. ओरोमिया हे त्यांच्या नावाचं राज्य. त्यांची भाषा आफान ओरोमो, १९९१ पासून ती रोमन अक्षरात लिहितात अन् त्या लिपीला कुबे म्हणतात. अन् १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये अनवाणी पळून मॅरेथॉन जिंकणारा अबेबे बिकिला ओरोमोच होता, हे परीक्षेत नाही आलं तरी लक्षात ठेवा.

प्रश्न : मॅडम, मी परतवाड्याजवळच्या एका शाळेत शिक्षक आहे. आमच्या गॅदरिंगला दरवर्षी एक ‘आफ्रिकन डान्स’ होतो. अंगाला काळा रंग, कागदाची पानं, डोक्यावर लोकरीचे विग. तुमचा मागचा लेख वाचून या वर्षी आम्ही विग त्या ओरोमो स्टाइलचे अन् कवड्या लावलेले करायचं ठरवलंय, म्हणजे ऑथेंटिक होईल. फोटो मिळतील का?

उत्तर : सर, तुम्ही विचारून करताय हे चांगलं आहे, म्हणून मीही मनापासून अन् सरळ सांगते. हे करू नका. फोटो मी पाठवणार नाही.

काळा रंग तर पहिले बंद करा. तुमच्या शाळेत मेळघाटातली कोरकू मुलं असतील, रंगानं काळीसावळी असतील, स्टेजवर काळा रंग फासून उड्या मारल्यावर पालक हसतात तेव्हा त्या मुलांच्या मनात काय होत असेल ते एकदा त्यांच्या रांगेत बसून बघा. अन् कवड्यांचे केस ही दब्बल्ले मुलांची पवित्र खूण आहे, वरच्या उत्तरात लिहिलंच आहे. तसंच त्यांच्यातले काही मोठे मानकरी विधीच्या वेळी कपाळावर कल्लाचा नावाचा धातूचा उभा दागिना बांधतात, इंटरनेटवर त्याचे फोटो लगेच सापडतात, तोही पुठ्ठ्याचा करून कुणाच्या कपाळाला बांधू नका. कोणी आपला देव्हारा उचलून नाचायला घेऊन गेलं तर आपल्याला जसं वाटेल तसंच त्यांना वाटेल.

करायचंच असेल तर इरेच्चा करा. पाऊस संपला की सप्टेंबरच्या शेवटी नाहीतर ऑक्टोबरच्या सुरुवातीला हा त्यांचा सण येतो, आपल्या घटस्थापनेच्या आगंमागं. अदिस अबाबाच्या जवळ बिशोफ्तू गावात होरा अर्सदी नावाचं तळं आहे, तिथं लाखो लोक पांढरे कपडे घालून, हातात हिरवं ताजं गवत अन् पिवळी फुलं घेऊन गाणी म्हणत जातात, ते गवत पाण्यात बुडवतात अन् पाऊस नीट पार पडला म्हणून वाकाचे आभार मानतात. एवढंच. विग लागत नाही, रंग लागत नाही. आपल्या पोरांना पाऊस पार पडणं म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही, सोयाबीन घरात आलं की नाही यावर त्यांची वह्यापुस्तकं ठरतात. चाळीस पोरं पांढऱ्या कपड्यात, हातात हिरवं गवत, हळू चालत येताहेत, बसवून बघा, प्रेक्षक चिडीचूप होतील.

प्रश्न : बाई, मी आर्वी तालुक्यातला शेतकरी. वय ७८. आतापर्यंत माझे केस तीनदा उतरले, बाप गेला तवा, माय गेली तवा अन् मोठा भाऊ गेला तवा. तिन्ही वेळा रडत रडत बसलो न्हाव्यासमोर. आता वावर दोन्ही पोरांच्या नावावर करून दिलं, बैलजोडी इकली, माझ्याकडं काई राह्यलं नाई अन् मले त्याचं दुख बी नाई. येत्या चैतात लहान्या पोराच्या पोराचं जावळ हाय. मी म्हटलं त्याच्या बाजूले बसून मी बी माझे केस काढतो, आता हलकं होऊ द्या. तर घरात सगळे अंगावर आले. म्हणे बाबा अपशकुन हाय, मेल्याबिगर म्हातारा माणूस केस काढते का कुठं. माझ्या सुनंनं तुमचं वाचून दाखवलं म्हणून इचारतो, त्या लोकांत म्हाताऱ्याचे केस कधी काढतात?

उत्तर : बाबाजी, नमस्कार करते. तुमच्या प्रश्नासाठीच मी हे सगळं सदर केसांना दिलं, बाकीच्यांची पत्रं मिळाली नसती तरी दिलं असतं.

त्या लोकात म्हाताऱ्या माणसाचे केस जिवंतपणीच काढतात, अन् तो त्याच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा विधी असतो. वर मी बोरानांच्या आठ आठ वर्षांच्या टप्प्यांचं लिहिलं. कारभार करून झाला की माणूस बरीच वर्षं सल्ला देणारा वडीलधारा म्हणून राहतो, अन् हिशोबानं ८० व्या वर्षी शेवटच्या टप्प्यात जातो, त्याला गदामोज्जी म्हणतात. ती शेवटची आठ वर्षं. त्या काळात तो माणूस पवित्र मानतात. हातात हत्यार धरायचं नाही, जीव मारायचा नाही, भांडायचं नाही. अन् या काळात तो डोक्याच्या मध्यावर केस वाढवतो, त्या केसाला गूतू म्हणतात. आयुष्यभर ढोरं राखली, लढाया केल्या, न्यायनिवाडे केले, आता काही करायचं नाही, फक्त ते केस वाहायचे अन् आशीर्वाद द्यायचे. आठ वर्षं संपली की सगळे गदामोज्जी एकत्र जमतात, मोठा सोहळा होतो अन् ते केस उतरवतात. त्यानंतर तो नुसता म्हातारा. त्याच्यावर गदेचं कुठलंच ओझं राहत नाही. तुम्ही लिहिलंत ना, आता हलकं होऊ द्या, ते वाचून मला हाच विधी आठवला.

पण याच्यापुढची गोष्ट जास्त ऐकण्यासारखी आहे. त्यांचा एक नियम आहे की मुलगा नेहमी बापाच्या पाच टप्पे मागं चालतो. पाच आठे चाळीस. कोणाचं खरं वय किती का असेना, बाप अन् मुलगा यांच्या टप्प्यांत ४० वर्षांचंच अंतर. म्हणून तिथं कधी कधी तरुण माणूस म्हाताऱ्याच्या टप्प्यात असतो, बापाला उशिरा झाला म्हणून, अन् कधी त्याच्या उलट. त्यांचा हिशोब वयाचा नाही, पिढीचा आहे. आता बापाचा बाप धरा, तो ८० वर्षं पुढं. म्हणजे नातू पहिल्या टप्प्यात, दब्बल्ले, डोक्यावर कवड्यांचे लांब केस, अन् त्याच वेळी आजा शेवटच्या टप्प्यात, गदामोज्जी, डोक्यावर गूतू. दोघंही पवित्र. दोघांनाही हत्याराशी काम नाही, दोघांनाही कोणी अंगावर घेत नाही, दोघांकडंही माणसं आशीर्वादाला येतात. अन् मधला बाप त्या वेळी चाळिशी ओलांडलेला, एक तर कारभाराच्या उंबरठ्यावर नाहीतर कारभारात, सगळ्या समाजाची भांडणं त्याच्या डोक्यावर. घराच्या एका टोकाला नातू, दुसऱ्या टोकाला आजा, दोघं केस वाढवून बसलेले, अन् टप्पा संपला की दोघांचेही उतरतात, एक आयुष्यात शिरतो अन् एक मोकळा होतो. बाबाजी, तुम्ही चैत्रात जे करायचं म्हणता ते हेच आहे. तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, तुमच्या मनात आपोआप आलं.

आता पोरांची समजूत कशी काढायची. त्यांना ओरोमोंचं सांगू नका, ते म्हणतील तिकडचं तिकडं. त्यांना तिरुपतीचं सांगा. दर साली गावागावातून गाड्या भरून लोक जातात, बाया, माणसं, म्हातारे, सगळे तिथं डोकं भादरून येतात, अन् परत आल्यावर कोणी म्हणतं का यांच्या घरात कोण गेलं म्हणून? देवाला केस देणं अन् दुःखात केस उतरवणं या दोन वेगळ्या गोष्टी आपल्यातही आहेतच. पोरांना भीती वाटते ती वेगळीच आहे. वावर दिलं, बैल विकले, आता केस, त्यांना वाटतं बाबा निघायची तयारी करतोय. ते अपशकुन म्हणतात तेव्हा त्यांना म्हणायचं असतं की बाबा, जाऊ नका. एवढं ध्यानात घेऊन त्यांच्याशी बोला, रागावू नका, शेजारी बसवून सांगा की मी कुठं जात नाही, नातवाजवळ बसतोय.

अन् त्या दिवशी एक करा. घरी लोणी असेलच, सुनेला थोडं बाजूला ठेवायला सांगा. बोरानांमध्ये कॉफीची अख्खी फळं लोण्यात तळतात, वडीलधारी माणसं आशीर्वाद बोलतात अन् तेच लोणी मग डोक्याला लावतात. तुमच्याकडं कॉफी नको. आधी नातवाचे केस उतरू द्या, तो रडेल, त्याला मांडीवर घ्या. मग तुम्ही बसा. दोघांचं झालं की आंघोळीआधी तुम्ही त्याच्या टाळूला लोणी लावा, अन् सुनेला म्हणा, पोराचा हात धरून माझ्या डोक्यावर ठेव.